जखम वेगळी, खोड वेगळी: गे प्रेमकथेतला बिघडलेला नायक लिहायला शिकताना

पहिली कादंबरी लिहिली तेव्हा माझ्या नायकाला मी काय काय म्हणून दिलं नव्हतं! घरातून हाकललेला, पहिला प्रियकर अपघातात गेलेला, दारूचं व्यसन, रात्र रात्र झोप नाही, पाठीवर व्रण आणि वर एक कान थोडा अधू. एका मैत्रिणीला वाचायला दिली. चाळीस पानांनंतर तिने गठ्ठा परत केला आणि म्हणाली, "हा माणूस नाहीये रे, केस पेपर आहे."

राग आला. आठवडाभराने पुन्हा वाचलं आणि कळलं, तिचं बरोबर होतं. माझ्या नायकाचं सगळ्या जगाने वाटोळं केलं होतं, पण त्याने स्वतः काहीच केलं नव्हतं. तो कुणाशी खोटं बोलला नव्हता, कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं, कुणाच्या मायेचा फायदा घेतला नव्हता. दोनशे पानं तो नुसता खिडकीशी उभा होता आणि दुसरा पुरुष त्याच्याकडे पाणावल्या डोळ्यांनी बघत होता.

त्यानंतर बऱ्याच नवोदितांची हस्तलिखितं बेटा रीडर म्हणून, म्हणजे छापण्याआधी वाचून मत देणारा म्हणून, वाचली. दहापैकी आठ जण तिथेच अडखळतात जिथे मी अडखळलो. हा लेख त्यांच्यासाठी. गे रोमान्स लिहायला बसलाय, नायक 'डॅमेज्ड' हवाय, पण पानावर तो रडका होतोय, नाहीतर खलनायक. अशा वेळी काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी: वाचकाला तो का हवा असतो

साधं उत्तर असं की निर्दोष माणसाला कुणाची गरज नसते, आणि ज्याला गरज नाही त्याच्या प्रेमकथेत करण्यासारखं काही उरत नाही. हे कुठल्याही प्रेमकथेला लागू आहे. काळवंडलेल्या, स्वतःवरच चिडलेल्या नायकाची परंपरा इंग्रजीत कवी बायरनच्या नावाने ओळखली जाते. 1812 मध्ये त्याच्या दीर्घकाव्याचे पहिले दोन सर्ग आले आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. जाता जाता एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे दुखरीच. त्याच पुस्तकात 'थिर्झा' नावाच्या कुणा मृत स्त्रीला उद्देशून लिहिलेल्या शोककविता आहेत. अभ्यासक आज मानतात की ही थिर्झा म्हणजे जॉन एडलस्टन. केंब्रिजच्या चर्चमध्ये गाणारा हा तरुण 1811 मध्ये वारला. म्हणजे ज्याच्या नावाने बिघडलेला नायक ओळखला जातो, त्यालाच आपलं प्रेम बाईच्या नावाखाली छापावं लागलं.

पण गे वाचकाची भूक याहून थोडी वेगळीही असते. आमच्यातले बरेच जण लहानपणी फार गुणी असतात. अभ्यासात पुढे, मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही, आवाज चढवायचा नाही. कारण आत कुठेतरी हिशेब चालू असतो: एक दिवस ते कळणारच आहे, तेव्हा आणखी एक कारण हाताशी नको. अशा वाचकाला पुस्तकात एखादा आडमुठा, चुका करणारा, कधीकधी अगदी नीच वागणारा पुरुष भेटतो, त्याच्या नीचपणाचा पुरता हिशेब होतो, आणि तरीही कुणीतरी त्याला सोडून जात नाही. तेव्हा त्या वाचकाच्या छातीवरचं काहीतरी हललेलं असतं. तो नायकाच्या प्रेमात पडतो की नायकाला मिळालेल्या सवलतीच्या, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

पायरी 1: कागदाचे दोन भाग करा

मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'जखम', उजवीकडे 'खोड'. जखम म्हणजे जे त्याच्या बाबतीत घडलं. खोड म्हणजे तो आता दुसऱ्याशी जे करतो. बहुतेकांची डावी बाजू खच्चून भरते आणि उजवी बाजू रिकामी राहते. उजवीकडे काही लिहिलंच तर 'कुणावर विश्वास ठेवत नाही', 'भावना दाखवत नाही' असलं काहीतरी असतं. ही खोड नाही, हे राशिभविष्य आहे. खोड क्रियापदात सांगता आली पाहिजे. तो फोन उचलत नाही. पैसे उसने घेतो आणि विषय बदलतो. भांडणात समोरच्याने एकांतात सांगितलेलं गुपित हत्यार म्हणून काढतो. प्रियकराची ओळख चारचौघांत 'रूममेट' म्हणून करून देतो.

जखम एकच ठेवा. फार तर दोन. आणि जखमेतून निघालेली खोड जखमेसारखीच दिसली पाहिजे असं काही नाही. उलट ती जरा तिरकी फुटली तर माणूस खरा वाटतो.

उदाहरण घेऊ, म्हणजे पुढे तेच वापरता येईल. विनय, वय 34. सोळाव्या वर्षी त्याची वही घरच्यांनी वाचली. वहीत वर्गातल्या एका मुलाबद्दल लिहिलेलं होतं. मारहाण झाली नाही, कुणी घराबाहेरही काढलं नाही. फक्त त्यानंतर वर्षभर घरात त्याच्याशी कामापुरतं बोललं गेलं. ही जखम. आता खोड काय असेल? पहिल्या दमात सुचतं: तो मनातलं कुणाला सांगत नाही. ठीक आहे, पण ते सपाट आहे. दुसऱ्या दमात सुचतं: ज्याची वही वाचली गेली तो आता दुसऱ्याचा फोन वाचतो. कुणी गाफील असताना आपल्याबद्दल काही लिहिलंय का, हे त्याला आधी कळायला हवं असतं. पुन्हा कधीही तो नंतर कळणारा माणूस होणार नाही.

इथे तो एकाच वेळी केविलवाणा आणि चीड आणणारा होतो. वाचकाला दोन्ही एकदम वाटलं पाहिजे, आधी एक आणि मग दुसरं असं नाही.

पायरी 2: गे असणं यांपैकी कुठल्याच बाजूला लिहू नका

हे सांगावं लागतं, कारण नकळत हात तिकडे जातो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती 1973 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. त्याआधीच्या कथांमध्ये नायक दुःखी का, तर तो 'तसा' आहे म्हणून, एवढं कारण पुरत असे. हॉलिवूडमध्ये 1934 पासून कडकपणे राबवलेल्या हेज कोडने, म्हणजे चित्रपटांत काय दाखवायचं नाही याच्या नियमावलीने, असल्या नात्यांचा सूचक उल्लेखही पडद्यावरून हद्दपार केला. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या स्वस्त पॉकेटबुकांत समलिंगी प्रेम छापलं जाई, पण टपालखात्याने अश्लील म्हणून गठ्ठे अडवू नयेत यासाठी शेवटी कुणीतरी मरावं, वेडं व्हावं किंवा 'सुधारावं' लागे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरची गोष्ट याच संदर्भात माहीत असावी. 'मॉरिस' ही गे प्रेमाची कादंबरी त्याने 1913-14 मध्ये लिहिली आणि ती प्रसिद्ध झाली 1971 मध्ये, तो वारल्यानंतर वर्षभराने. इंग्लंडमध्ये तोवर समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा थोडा सैल होऊन चार वर्षं झाली होती. 1960 मध्ये लिहिलेल्या टिपणात तो म्हणतो की शेवट सुखाचा करायचा हे त्याने आधीपासून ठरवलेलं होतं. नायकाने गळफास घेतला असता तर पुस्तक छापायला अडचण आली नसती. त्याच टिपणात तो हेही सांगतो की मॉरिसला त्याने मुद्दामच आपल्यापेक्षा वेगळा केला: देखणा, धडधाकट, डोक्याने मंद, धंद्यात बरा आणि बऱ्यापैकी शिष्ट. नायकाची खोड हा शिष्टपणा आहे. तो ज्याच्या प्रेमात पडतो तो इस्टेटीवरचा शिकाररक्षक, आणि मॉरिसला पहिली भीती वाटते ती ब्लॅकमेलची. खालच्या वर्गातला माणूस आणखी कशासाठी जवळ येणार! शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेलं हे आजही शिकण्यासारखं आहे. जगाचा अन्याय जगाकडे ठेवला आहे आणि नायकाचा दोष नायकाकडे.

लाज मात्र लिहा. लाज खरी असते. 2003 मध्ये इलान मेयर या अभ्यासकाने 'मायनॉरिटी स्ट्रेस'ची, म्हणजे अल्पसंख्य असण्यामुळे येणाऱ्या ताणाची, जी मांडणी केली तीत प्रत्यक्ष भेदभावाबरोबरच तीन आतल्या गोष्टी आहेत: नाकारलं जाण्याची सततची अपेक्षा, लपवालपवी आणि जगाचा तिटकारा स्वतःतच मुरणं. लेखकाच्या दृष्टीने हे तीन सोन्याचे तुकडे आहेत, कारण तिन्ही वागण्यात दिसतात. अपेक्षा असलेला माणूस समोरच्याने सोडण्याआधी सोडून देतो. लपवणारा दोन ग्रुप, दोन आवाज, दोन प्रकारचं हसणं बाळगतो. तिटकारा मुरलेला माणूस 'आपण काही त्या तसल्यांसारखे नाही' म्हणत जरा नाजूक चालणाऱ्या मित्राची थट्टा करतो. हे तिसरं लिहायला धीर लागतो. लिहा.

पायरी 3: खोड दृश्यात आणा, आणि हात आखडू नका

नवीन लिहिणारा सहसा असं लिहितो:

*विनयला लहानपणी फार सोसावं लागलं होतं. त्यामुळे त्याचा कुणावरच विश्वास बसत नसे. हर्षदवरही नाही, जरी हर्षद त्याच्यावर मनापासून प्रेम करत होता.*

यात चुकीचं काही नाही, पण बघण्यासारखंही काही नाही. आता हे वाचा:

*आत शॉवर चालू होता. हर्षदचा फोन टेबलावर उताणा पडला होता. विनयने तो पालथा घातला. मग पुन्हा सरळ केला. पासवर्ड त्याला माहीत होता. हर्षदनेच सांगितला होता, गाडी चालवताना, "जरा नकाशा लाव" म्हणून. शॉवर बंद झाला तेव्हा विनय तीन महिने मागे गेला होता. काही सापडलं नव्हतं. त्याने फोन होता तसा ठेवला, टेबलाच्या कडेशी कड जुळवून. हर्षद बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुझ्या ताईचा मेसेज आलाय वाटतं."*

*हर्षद डोकं पुसता पुसता थांबला. "वाटतं?"*

जखमेचा एक शब्दही इथे नाही. तरी काय काय कळतं बघा. कडेशी कड जुळवतो, म्हणजे हे पहिल्यांदा करत नाहीये. 'काही सापडलं नव्हतं' यात सुटकेपेक्षा हुरहुर जास्त आहे. आणि तो ताईच्या मेसेजबद्दल बोलतो का? पकडलं जावं असं त्याच्यातल्या कुणालातरी वाटतंय म्हणून. बिघडलेल्या नायकाची ओढ इथेच लागते: वाईट वागताना त्याच्या हातून एक फट राहून जाते आणि त्या फटीतून तो आत या म्हणत असतो. फट ठेवली नाही तर तो नुसता संशयी नवरा होतो. अशांच्या गोष्टी आपण पोलिसांच्या बातम्यांत वाचतो.

फॅनफिक्शनमधून, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांमधून, आलेल्या मंडळींना इथे एक सावधगिरीची सूचना. पुरुष-पुरुष प्रेमाची फॅनफिक्शन, म्हणजे 'स्लॅश', 1974 पासून चाहत्यांच्या छापील अंकांमध्ये (फॅनझीन) येत आहे आणि 'हर्ट-कम्फर्ट' हा तिचा लाडका प्रकार: एक घायाळ, दुसरा शुश्रूषा करणारा. मीही त्यावरच वाढलोय, नावं ठेवत नाही. पण छोट्या कथेत जे पोट भरतं ते कादंबरीत तिसऱ्या प्रकरणाला गोड गोड व्हायला लागतं. घायाळ माणसाकडून कसलीच अपेक्षा ठेवता येत नाही, आणि ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याच्यावर रुसता येत नाही. वाचकाला रुसायला जागा हवी.

पायरी 4: किंमत कुणीतरी मोजली पाहिजे, आणि तो कुणीतरी बिनपगारी नर्स नसावा

'वाटतं?' नंतर काय होतं? भांडण लिहू नका. निदान लगेच नको. माझ्या मसुद्यात हर्षद म्हणतो, "जाऊ दे." दुसऱ्या दिवशी तो फोन बाथरूममध्ये घेऊन जातो. बस, एवढंच. ज्या घरात फोन उताणा पडलेला असायचा त्या घरात तो आता ओल्या हातांनी टॉवेलखाली ठेवला जातो. ही किंमत. ती मोजली हर्षदने, आणि विनयला ती दिसली.

हर्षदची खोडही आता दिसायला लागली असेल: 'जाऊ दे'. तो कधीच भांडत नाही. सगळं पोटात घालतो, मनात तारखेनिशी नोंद करतो आणि एक दिवस न सांगता निघून जाण्याची तयारी ठेवतो. याआधीच्या दोन्ही नात्यांत त्याने तेच केलंय, आणि दोन्ही वेळा स्वतःला समजूतदार म्हणवून घेतलंय. विनय चोरून वाचतो, हर्षद वाचण्यासारखं काही ठेवतच नाही. या दोन खोडी एकमेकींना खतपाणी घालतात. गोष्ट इथून आपोआप चालायला लागते.

नवोदितांच्या हस्तलिखितांत सगळ्यात जास्त अन्याय या दुसऱ्या पुरुषावर होतो. त्याला कामधंदा नसतो, मित्र नसतात, वाईट दिवस नसतो. नायकाने वाट्टेल तसं तोडावं आणि याने सूप घेऊन दारात उभं राहावं. गे कथेत हे जास्तच खटकतं. स्त्री-पुरुष प्रेमकथेत समजून घेण्याचं काम न विचारता बाईच्या गळ्यात टाकलं जातं. इथे दोन पुरुष आहेत, कुणी काय करायचं हे आधीपासून ठरलेलं नाही. ही या प्रकाराची मोठी मोकळीक आहे, आणि आपण काय करतो, तर दोघांपैकी एकाला गुपचूप त्या जुन्या जागी बसवतो.

तपासायची एक सोपी रीत आहे. दुसऱ्या पुरुषाच्या बाजूने अर्धं पान लिहा, ज्यात पहिल्याचं नाव येणार नाही. काय लिहायचं सुचत नसेल तर तो अजून जन्मलेला नाही.

पायरी 5: तो आणि तो

व्याकरणाचं काम आहे, पण टाळता येत नाही. *तो त्याच्या जवळ आला आणि त्याने त्याचा हात धरला.* कोण कुणाच्या जवळ आला? हात कुणाचा? स्त्री-पुरुष कथेत मराठीची लिंगव्यवस्था फुकटात सगळा गुंता सोडवते. आपल्याकडे ती मदत नाही.

घाबरून लोक 'तो उंच तरुण', 'निळ्या डोळ्यांचा', 'वयाने मोठा असलेला पुरुष' असली विशेषणं लावतात. करू नका. ज्याच्या कुशीत झोपतो त्याला कुणी मनात 'तो उंच तरुण' म्हणत नाही. त्याऐवजी एक प्रसंग एकाच्याच नजरेतून लिहा. ज्याच्या डोक्यात आपण आहोत तो 'तो', दुसऱ्याला नावाने हाक मारा. नावं वेगळ्या अक्षराने सुरू होणारी आणि वेगळ्या लांबीची घ्या. मराठीतलं 'आपला' विसरू नका: 'विनयने आपला हात काढून घेतला' आणि 'विनयने त्याचा हात काढून टाकला' यांत कुणाचा हात ते एका शब्दात स्पष्ट होतं. आणि प्रथमपुरुषी 'मी' वापरायला मोकळे असाल तर अर्धा गुंता तिथेच संपतो. फक्त बिघडलेला नायक स्वतः 'मी' म्हणून बोलायला लागला की स्वतःची फार कीव करतो, त्याला मधूनमधून गप्प बसवावं लागतं.

आपल्याकडे एक हत्यारही आहे: तू आणि तुम्ही. दोघांची ओळख कामावर झाली असेल तर सुरुवातीला अहो-जाहो असणारच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणाच्या तोंडून आधी निसटलं, त्यावर दुसऱ्याने काही म्हटलं की नुसतं ऐकून घेतलं, यावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. आणि भांडणात एकाने थंड आवाजात पुन्हा 'तुम्ही' म्हणावं, यापेक्षा जोरात लागणारी थप्पड मला माहीत नाही.

पायरी 6: माफी

रोमान्सची अट आहे की शेवट आशेचा हवा. ती अट नको असेल तर खुशाल शोकांतिका लिहा, तीही मोठी गोष्ट आहे. 1956 मध्ये आलेल्या अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविनच्या 'जोव्हानीज रूम' या कादंबरीतला डेव्हिड स्वतःच्या भीतीपायी दुसऱ्याचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ देतो, आणि जोव्हानीला गिलोटिनवर नेणार त्या पहाटेच्या आदल्या रात्री एकटा बसून सगळं आठवतो. खोड ओळखूनही वेळ निघून गेली की काय होतं, त्याचा तो नमुना आहे. पण मुखपृष्ठावर प्रेमकथा म्हणून सांगून वाचकाला तिकडे नेऊ नका. तो विश्वासघात होतो.

आशेच्या शेवटासाठी नायक बदलायला हवा, आणि इथे तीन शॉर्टकट दिसतात: अपघात, आजारपण, समुपदेशकाकडची एक बैठक. हॉस्पिटलच्या पलंगाशेजारी कुणीही कुणालाही माफ करतं. त्याने काही सिद्ध होत नाही. समुपदेशक जरूर आणा, खऱ्या आयुष्यात त्याचा उपयोग होतोच, पण वर्षभराचं काम चाळीस मिनिटांत उरकू नका.

नियम सोपा आहे, पाळणं अवघड. ज्या जागी खोड होती त्याच जागी बदल दिसला पाहिजे आणि त्यासाठी नायकाने काहीतरी गमावलं पाहिजे. शिष्ट मॉरिस शेवटी त्याच्या वर्गाने दिलेलं सगळं सोडतो, नोकरीसकट. त्याचा शिकाररक्षक अॅलेक अर्जेंटिनाला जाणारी बोट सोडतो. दोघांचंही तेच जातं ज्याच्या आड ते उभे होते.

विनयचं काय? फुलांचा गुच्छ आणि "मी पुन्हा असं करणार नाही" चालणार नाही. फोन तपासणारा प्रत्येक माणूस ते म्हणतो. मी लिहिलं ते असं: सोळाव्या वर्षानंतर विनयने काहीच लिहिलेलं नसतं. तो पुन्हा वही आणतो. लिहितो. आणि ती कपाटात न ठेवता टेबलावर, फोन असायचा त्या जागी ठेवतो. हर्षद ती उघडत नाही. आठवडाभर वही तिथेच असते, तिच्यावर किल्ल्या ठेवल्या जातात, एकदा चहाचा कप ठेवला जातो. कबूल करतो, हे चिन्ह जरा जास्तच जुळून आलंय. मी ते दोनदा काढून टाकलं. तिसऱ्यांदा परत ठेवलं ते त्या कपाच्या गोल डागासाठी. विनय डाग बघतो आणि रागावत नाही, एवढाच काय तो बदल.

हर्षदलाही सुटका नाही. त्याला एकदा, एकदाच, 'जाऊ दे' न म्हणता ओरडावं लागतं. माझ्या मसुद्यात तो किराणा सामानावरून ओरडतो, आणि विनयला इतकं बरं वाटतं की तो हसतो, त्यावरून आणखी भांडण होतं.

पायरी 7: रेष कुठे

थोडक्यात, कारण यावर फार घोळ घालण्यासारखं नाही. हात उचलणं, नकार दिल्यावरही न थांबणं, दुसऱ्याला आऊट करण्याची, म्हणजे तो गे असल्याचं त्याच्या मर्जीविरुद्ध जगाला सांगण्याची, धमकी: यांना खोड म्हणू नका. लिहायचं असेल तर लिहा, पण मग ती वेगळी गोष्ट आहे, आणि 'तो दुखावलेला आहे' हे तिचं स्पष्टीकरण होऊ देऊ नका. आऊट करण्याबद्दल तर विशेष. गे वाचकासाठी हा विश्वासघात मारहाणीच्या तोडीचा असतो, आणि नवीन लिहिणारे, विशेषतः ज्यांच्यावर ती वेळ कधी आलेली नाही असे, कथेला कलाटणी म्हणून तो सहज वापरून टाकतात. व्यसन आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर पुस्तकाच्या सुरुवातीला तशी सूचना द्या. आत्महत्येची पद्धत तपशिलात नको. आणि मरणाचा प्रयत्न हा प्रियकराला परत आणण्याचा मार्ग म्हणून यशस्वी होताना दाखवू नका, कधीही.

पायरी 8: शेवटचं पान

शेवट कुठे करायचा हे विचारणारे बहुतेक जण लग्न, घर, कुत्रा यांच्या शोधात असतात. ते असायला हरकत नाही. पण तुमच्या नायकाची खोड लपवण्याची असेल तर मराठीत त्याहून बारीक जागा आहे.

लपून जगणारा मराठी माणूस क्रियापदांचा उस्ताद असतो. ऑफिसात कुणी विचारलं, रविवारी काय केलं? तो 'आम्ही सिनेमाला गेलो' म्हणत नाही, कारण पुढचा प्रश्न 'आम्ही म्हणजे कोण?' हा असतो. तो म्हणतो, 'सिनेमा झाला.' काल कुणाशी बोलत होतास? 'बोलणं झालं जरा घरी.' जेवण झालं, फिरणं झालं, ठरलं, राहून गेलं. त्याच्या आयुष्यात सगळं आपोआप होत असतं, कुणी करत नसतं. 'म्हणाला' आणि 'म्हणाली' यांच्यामधली ती चिंचोळी जागा त्याने वर्षानुवर्षं न पडता पार केलेली असते. नायकाची ही भाषा पहिल्या पानापासून पेरा. कुठेही समजावून सांगू नका. वाचकाला ती फक्त थोडी कोरडी वाटली पाहिजे.

माझ्या कादंबरीचं शेवटचं पान असं आहे. विनय ऑफिसात आहे, डबा उघडलाय. शेजारची सहकारी भाजी चाखून बघते.

*"मस्त झालीये. तुम्ही केली?"*

*"नाही," विनय म्हणाला. झाकण हातातच होतं. "हर्षदने केली. तो सकाळी लवकर उठतो."*

*"बरं," ती म्हणाली आणि आणखी थोडी घेतली.*